सीडी प्लेयर निवडायला लागलेले आठ महिने

१ ऑक्टोबर १९९८, गुरुवार, दसरा

ऑफिसातून मिळालेली ही डायरी नऊ महिने टेलिफोनखाली उंची वाढवायला ठेवली होती. आज बाहेर काढली, कारण आमच्या म्युझिक सिस्टीमला आज पाच वर्षं पूर्ण झाली आणि या घरात ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नाही. रसिकाचा वाढदिवस असता तर आख्ख्या बिल्डिंगला केक वाटला असता.

बाकीच्या यंत्रांची पूजा ममता करते. मिक्सर, शिलाई मशीन, गॅस, माझी स्कूटर, सगळं तिच्याकडे. सिस्टीमची पूजा मात्र मी करतो. सिस्टीमच्या कपाटाला घरात कुणी हात लावायचा नाही, हा नियम आमच्या लग्नाइतका जुना नसला तरी लग्नापेक्षा जास्त पाळला जातो.

माझा देवावर फारसा विश्वास नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पण वडील दर दसऱ्याला टाइपरायटरच्या पोटात कुंकू वाहायचे आणि तो टाइपरायटर त्यांच्यापेक्षा जास्त जगला. दर वर्षी मी बाहेरूनच कुंकू लावायचो. या वर्षी पाच वर्षांचा मान म्हणून सगळं साग्रसंगीत केलं. अँप्लिफायरला आणि दोन्ही स्पीकरना बोटभर गंध लावलं. सीडी प्लेयरला मात्र वरवर कुंकू लावणं पटेना. खरा जीव आत असतो. बटण दाबून ट्रे बाहेर काढला, त्यावर हळद, कुंकू आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि ट्रे आत जाऊ दिला. फार समाधान वाटलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पूजा आवडली असावी. त्यांच्या गावी, उत्तनजवळच्या डोंगरीला, कोयत्याची आणि विळ्याची पूजा होते, लेझरची पूजा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. सासरे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या आमच्याकडेच असतात. मी गिरगावचा, ममता डोंगरीची, तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या मिठागरं आणि भातशेती. मी हे लग्न केलं आणि वर सासूलाही घरात ठेवून घेतलं, तेव्हा माझ्या उदार मनाबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आंघोळ करून तोडी लावायला बसलो. प्लेयरच्या पाटीवर उमटलं, ‘नो डिस्क’. डिस्क आत आहे, मी स्वतः ठेवली आहे, आणि हा म्हणतोय नाही. ऑफिसात वरिष्ठ असं वागतात, यंत्राकडून अपेक्षा नव्हती.

सात सीडी घालून पाहिल्या. सातवी घालताना ट्रे अर्ध्यात अडकला. स्क्रूड्रायव्हरने त्याला प्रेमाने समजावलं तेव्हा आतून ‘कड’ असा आवाज आला. म्हणजे आत आधीच काहीतरी मोडलेलं असणार.

दिवसभर विचार केला. आमच्या खिडकीतून मिठागरं दिसतात, खारी हवा आत येते. व्होल्टेजचं तर बोलायलाच नको, संध्याकाळी ट्यूबलाइट डोळे मिचकावते. पण हे सगळं पाच वर्षं होतंच. नवीन काय घडलं, हा खरा प्रश्न. उत्तर संध्याकाळी रसिकाने दिलं. नऊ वर्षांच्या पोरी खरं बोलतात, ही त्यांची अडचण असते. ती म्हणाली की आजी रोज दुपारी गाणं लावते, आणि मग तिने जीभ चावली.

मी ऑफिसात फायलींत बुडालेला असताना माझ्या कपाटाशी रोज दुपारी हे चालू होतं. ज्या बाईला फ्रिजचं दार जोरात लावू नये हे दोन वर्षांत कळलं नाही, ती माझ्या सीडी हाताळत होती.

७ ऑक्टोबर, बुधवार

आज सासूबाईंशी बोललो. आवाज चढवला नाही. ममता म्हणते चढवला, पण तिला माझा ठामपणा आणि ओरडणं यातला फरक पहिल्यापासून कळत नाही.

मी त्यांना लेझर म्हणजे काय ते समजावलं. लेन्स वाटाण्याएवढी असते, धुळीचा एक कणसुद्धा तिला सहन होत नाही, जपानमध्ये ही यंत्रं पांढरे डगले घालून बनवतात, वगैरे. त्या खाली बघून ऐकत होत्या. म्हणाल्या, “मी हात धुवून, पुसून लावायची. आन दसऱ्यापासना तर मी लावलीच न्हाय.”

दसऱ्यापासून लावली नाही, म्हणजे त्याआधी लावत होत्या. याहून स्वच्छ कबुली कोर्टातसुद्धा मिळत नाही. मी तसं म्हणालो. मग कपाटावर एक कागद चिकटवला, ‘या यंत्रास हात लावू नये’. त्यांना वाचता येत नाही हे नंतर ध्यानात आलं, म्हणून तोंडीही सांगितलं.

११ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई डोंगरीला गेल्या. भात कापणीला आलंय, दिराला मदत लागेल म्हणाल्या. दोन पिशव्या, एक छत्री. मी रिक्षापर्यंत सोडायला गेलो, माणुसकी म्हणून.

भात कापून झाल्यावर येतील. तोवर नवा प्लेयर येईल आणि तो कुणी कसा वापरायचा हे सुरुवातीपासून ठरवून घेता येईल.  रसिका शाळेतून आल्यावर आता शेजारच्या हेमालीबेनकडे बसेल, गळ्यात किल्ली घालून. तिला मजा वाटेल असं मी जेवताना म्हणालो, तर रसिकाने ताट सरकवलं. आजीने लाडावून ठेवलंय.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज शोधमोहिमेचा श्रीगणेशा केला. भाईंदर स्टेशनजवळच्या धर्मेशभाईच्या दुकानात सात मॉडेलं आहेत, सातही काळी. धर्मेशभाईला वाटतं की प्लेयर दिव्यांवर निवडायचा असतो. “ये देखो साहब, इसमें लाइट नाचती है,” म्हणाला. मी म्हटलं, मला गाणं ऐकायचंय, गरबा खेळायचा नाही.

मी माझी सीडी नेली होती. तिच्या सुरुवातीला अकरा सेकंद नुसता तानपुरा आहे, गायक अजून यायचाय. प्लेयरची परीक्षा त्या अकरा सेकंदांत होते. मी तीच अकरा सेकंदं सात प्लेयरवर प्रत्येकी चारदा ऐकली. शेवटी दुकानातल्या पोऱ्याने विचारलं की गाणं सुरू कधी होणार. याला बाजार म्हणतात.

२२ नोव्हेंबर, रविवार

आमच्या ऑफिसातला काशीनाथ या विषयातला अधिकारी माणूस. त्याच्या घरी सिस्टीम आहे, खुर्ची नाही. तो म्हणतो, खुर्चीने आवाज शोषला जातो. आम्ही चटईवर बसून एक तक्ता तयार केला. उभे चौदा रकाने, आडवी अकरा मॉडेलं. वजन हा रकाना काशीनाथचा. जड प्लेयर म्हणजे चांगला प्लेयर, असं त्याचं मत. मग दुकानात जाऊन प्लेयर उचलून बघण्याचंही एक काम वाढलं.

भात कापून, झोडून, घरात येऊन पडलं असेल. सासूबाई आल्या नाहीत. ममता आणि रसिका दर रविवारी बसने डोंगरीला जातात. मलाही बोलावतात, पण रविवारी दुकानं उघडी असतात.

१३ डिसेंबर, रविवार

काशीनाथने एका परदेशी मासिकात वाचलं की सीडीच्या कडेला हिरवं स्केचपेन फिरवलं की आवाज सुधारतो. लेझर कडेने निसटतो म्हणे, हिरवा रंग त्याला आत ढकलतो. माझ्याकडे प्लेयर नाही, तरी तयारी असावी म्हणून आज चाळीस सीडी रंगवल्या. संध्याकाळी बोटं पोपटासारखी झाली.

ममता बघत उभी होती. म्हणाली, आईने नुसत्या स्वच्छ हातांनी धरल्या होत्या. कुठला विषय कुठे नेतील सांगता येत नाही.

ती हल्ली कमी बोलते. ऑफिस, घर, रसिकाला हेमालीबेनकडून आणणं. परवा रसिकाला ताप होता तेव्हा अर्धी रजा मी घ्यावी की तिने, यावर थोडं वाजलं. आधी हा प्रश्नच यायचा नाही. प्लेयर आला की सगळं रुळावर येईल.

१७ जानेवारी १९९९, रविवार

या वर्षी ऑफिसने डायरीऐवजी पेनस्टँड दिलं. पण जुन्या डायरीतले जानेवारी ते सप्टेंबर कोरेच आहेत, वार तेवढे खोडायचे.

धर्मेशभाईकडे सोळावी फेरी. मी आत शिरलो की पोऱ्या स्वतःहून तानपुरा लावतो. चेंजर घ्यावा की एका सीडीचा, इथे गाडी अडली आहे. तीन सीडींच्या चेंजरमध्ये बिघाडाच्या जागा तिप्पट. एका सीडीच्या मॉडेलला रिमोट हलका. मी धर्मेशभाईला म्हटलं, अजून महिना विचार करतो. त्याचा संयम सुटला असावा. म्हणाला, “साहब, कल एक माँजी आई थी. कासोटा साडी, साथ में छोटी बच्ची. सीडी अपनी लाई थी. एक पीस लगवाया, आँख बंद करके पूरा सुना, बोली ये दे दो. दस मिनट.”

मी विचारलं कुठला पीस. त्याने फळीवरचा एक टू-इन-वन दाखवला, वर झाकण, झाकणाखाली सीडी. माझ्या तक्त्यात ज्याला ओळही मिळाली नसती. अशा गिऱ्हाइकांमुळेच या देशात चांगला माल येत नाही. त्या माँजीला तानपुरा काय ऐकू येणार. येताना जिन्यातसुद्धा मला तिचं हसू येत होतं.

रसिका आज घरी फार खुशीत होती. काल ती आणि ममता डोंगरीला एक दिवस आधीच जाऊन आल्या.

२० फेब्रुवारी, शनिवार

हे लिहू की नको, असा विचार दोनदा केला. पण ही डायरी कुणी वाचत नाही.

धर्मेशभाई म्हणाला होता की जुना प्लेयर चालू करून आणला तर नव्यात वळता करून घेईन. म्हणून आज तो गोणपाटात बांधून भाईंदरला रामू मेकॅनिककडे नेला. रामूने झाकण उघडलं आणि आत दिवा धरला. मग त्याने मला वाकून बघायला सांगितलं.

लेन्सवर लाल थर होता. त्याखाली पिवळा. ट्रेच्या दातेरी चाकात तांदळाचे तीन दाणे अडकले होते आणि चाकाचे दोन दात मोडले होते. रामू म्हणाला, “ट्रेला मधे फट असते साहेब. वरून जे टाकाल ते थेट लेन्सवर. नुसतं पुसून काम झालं असतं, पण कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घातलाय. हे चाक आता मिळत नाही.” मग त्याने विचारलं, घरात पूजा कोण करतं?

मी म्हणालो, बायको.

हे उत्तर माझ्या तोंडातून आपोआप आलं, इतकं सहज की मलाच आश्चर्य वाटलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, इन्शुरन्समध्ये क्लेम तपासतो, लोकांचं खोटं पकडण्याचा पगार घेतो.

रामूकडून स्कूटरवर घरी येताना मला सासूबाई दारात उभ्या दिसत होत्या. त्यांनी उघडलेलं आणि मिटलेलं तोंड दिसत होतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी लेझर समजावत होतो तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मला लाज वाटली. ती अशी की सिग्नलला मागून हॉर्न वाजवले तरी मी उभाच.

ममताने विचारलं रामू काय म्हणाला. मी म्हणालो, खारी हवा. तिने माझ्याकडे जेमतेम दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, “बरं.” मग तिने मला वरण वाढलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. आता सांगून उपयोग काय? प्लेयर गेला तो गेला. सासूबाई गावी आनंदात आहेत. स्वतःचं घर, स्वतःची माणसं. खरं सांगून त्यांना उगाच जुनं आठवून द्यायचं, हा त्यांच्यावर अन्याय होईल. अशी मी स्वतःची समजूत घातली. क्लेम असता तर फेटाळला असता.

कपाटावरचा कागद काढून टाकला. गोंदाचा डाग राहिला.

१४ मार्च, रविवार

विचित्र गोष्टी घडताहेत. सीडींचा क्रम बदललेला असतो. मी राग आणि वेळ यांप्रमाणे लावतो, सकाळचे डावीकडे, रात्रीचे उजवीकडे. परवा संध्याकाळचा मारवा सकाळच्या रागांत घुसलेला होता. खणात मधेमधे फटीही दिसतात. रसिकाला विचारलं तर ती म्हणाली, धूळ पुसायला काढल्या होत्या. या वयात धूळ पुसते, ही चांगली सवय आहे.

दुसरी गोष्ट अभिमानाची. ती हल्ली आंघोळीला जाताना तोडी गुणगुणते, कोमल रिषभ अगदी जागच्या जागी. पाच महिने या घरात सूर नाही आणि पोरीच्या गळ्यात तोडी. काही गोष्टी रक्तातून येतात. माझ्या आजोबांना पेटी वाजवता यायची.

डोंगरीला जाताना ममताची पिशवी जड दिसते. लाडू नेत असेल. मी काही विचारलं नाही.

११ एप्रिल, रविवार

तक्त्यात आता एकोणीस मॉडेलं. काशीनाथशी भांडण झालं. तो म्हणतो, मला प्लेयर घ्यायचाच नाही. मी म्हटलं, मग गेले सहा महिने मी काय करतोय? तो म्हणाला, “तेच विचारतोय.”

मी तक्ता गुंडाळला. रागाने घरी आलो. घरात कुणी नव्हतं, दोघी डोंगरीला. दुपारचे दोन वाजले होते. या घरात दुपारी दोन वाजता इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. पंखा आणि लांबून कुणाचा तरी कुकर. दोन वर्षं रोज या वेळी सासूबाई या घरात एकट्या बसायच्या. मी सोफ्यावर बसलो, मग उठलो, मग कपाटाचं दार उघडून पुन्हा लावलं.

१६ मे, रविवार

आजपासून अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो आणि जावयांची चंगळ करतो. महिनाभर जावई म्हणजे साक्षात नारायण, सासूने त्याला ओवाळायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मागच्या वेळी मी तीन किलोंनी वाढलो होतो.

सासूबाईंचा निरोप आला, सहा जूनला या. मी म्हटलं, या वर्षी नको, त्यांना कशाला त्रास. ममता कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “आई बोलावत्येय ती जावयाला. तुम्हाला नको असेल तर तसं तिच्या तोंडावर जाऊन सांगा.”

म्हणजे जायचंच.

२३ मे, रविवार

प्लेयर निवडला. एका सीडीचा, जपानी, वजनाला भरपूर. धर्मेशभाई आधी मागे सरला, मग पोऱ्याला चहा सांगितला. माल आठ-दहा दिवसांनी येईल. खरं कारण लिहून ठेवतो. मला तिथे जाताना रिकाम्या हातांनी जायचं नव्हतं. प्लेयर घेतलाय, आता घरी चला, असं म्हणता येईल. माफी मागण्यापेक्षा हे सोपं वाटलं.

६ जून, रविवार

सकाळी दहाला डोंगरीला पोचलो. घराच्या अलीकडे पन्नास पावलांवर असताना मला तोडी ऐकू आली. मी थांबलो. ममता आणि रसिका थांबल्या नाहीत.

ओटीवर तो झाकणवाला टू-इन-वन होता, खाली विणलेला रुमाल. बाजूला सुपात माझ्या सीडी, हिरव्या कडांच्या. ओटीवर शेजारच्या चार बाया बसल्या होत्या, दोघी तांदूळ निवडत होत्या, कुणी बोलत नव्हतं. गाणं संपेपर्यंत कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नारायणाचं स्वागत इतकं थंड कुठल्या पुराणात नसेल. संपल्यावर सासूबाईंनी झाकण उघडलं, सीडी कडेला धरून काढली, डबीत ठेवली, मग म्हणाल्या, “आलात? बसा.”

धर्मेशभाईची माँजी. दहा मिनिटं. आणि मी तेव्हा जिन्यात हसत होतो.

पाट मांडला, रांगोळी काढली, सासूबाई तबक घेऊन समोर आल्या. ममताचे चुलते काळूराम, घरातली सगळी माणसं भोवती. त्या मला ओवाळायला लागल्या आणि मला ते सहन होईना. माझ्याकडून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न ठरवता झालं. मी म्हणालो, “आई, थांबा. प्लेयर तुम्ही बिघडवला नव्हता. पूजा करताना मीच ट्रेमध्ये कुंकू वाहिलं. फेब्रुवारीपासून मला माहीत आहे.”

 मग काळूरामकाका मोठ्याने हसले. “अरे, या महिन्यात जावय चुकत न्हाय! नारायन तो. वाडा रे, धोंडं वाडा.” सगळे हसले. चार महिने पोटात बाळगलेला गुन्हा, आणि तो कुणी घ्यायलाच तयार नाही. एकट्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओवाळणं पूर्ण केलं, तेहतीस अनारसे माझ्या हातात दिले, आणि मी ते धोंडे जेवलो. 

जेवणानंतर बाकीचे लवंडले. सासूबाई ओटीवर सीडी डब्यांत भरत होत्या. मी शेजारी बसलो. विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?

“तुमी पूजा करत व्हता. पूजेत कुनाला टोकायचा न्हाय.”

“आणि नंतर?”

“नंतर तुमी इचारलात कवा? तुमी सांगत व्हतात.”

मी त्यांना म्हणालो की माझं चुकलं. ते म्हणताना पाठ केलेलं काहीच आठवलं नाही, नुसतं तेवढंच आलं. मग म्हणालो की नवा प्लेयर येतोय, चांगला निवडलाय, तुम्ही घरी चला, हवं तेव्हा लावा, रसिकाला तुमच्याशिवाय करमत नाही, ममतालाही नाही. मलाही, असं म्हणायचं होतं, ते राहिलं.

त्यांनी शेवटची सीडी डबीत ठेवली. रागाचा मागमूसही नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाशी बोलता येतं.

“न्हाय जावयबापू,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरी मी गाना आयकायची ते चोरून. जिन्यात पाय वाजला का बंद करायची. इथं दार उघडं ठेवून आयकते. पोरीला सुटीत धाडा. तुमीबी या.”

परतीच्या बसमध्ये ममता खिडकीशी बसली होती. उत्तनच्या वळणावर तिने माझ्या हातातला अनारशांचा डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. 

१२ जून, शनिवार

प्लेयर आला. धर्मेशभाई स्वतः घेऊन आला आणि पेढाही मागितला. वजनाला खरोखर जड आहे, दोघांनी उचलावा लागला. वायरी मी जोडल्या. पाटीवर निळी अक्षरं येतात. ट्रे लोण्यासारखा बाहेर येतो. चौदा रकान्यांत हा पहिला आला होता आणि तसा तो आहेच.

मी ममताला हाक मारून बाहेर बोलावलं. ती हात पुसत आली आणि उभी राहिली. मी रसिकाला म्हटलं, पहिली सीडी तू निवड. ती खणाशी गेली, बराच वेळ शोधलं, मग दोन सीडी हातात घेऊन परत ठेवल्या.

“बाबा, चांगल्या सगळ्या आजीकडे आहेत,” ती म्हणाली.

ममता आत गेली. प्लेयर वाट बघत ट्रे बाहेर काढून बसला होता. मी तो आत ढकलला आणि टीव्हीवर बातम्या लावल्या.